चार बोटं जास्तीचा घेर

आमच्या शाळेचे गणवेश शिवणाऱ्या बाईंना सगळे आत्या म्हणायचे. खऱ्या आत्या त्या एकाच मुलीच्या. पण ती मुलगी बालवाडीत आली, तिच्या तोंडची हाक तिच्या वर्गाने उचलली, मग ती शाळाभर झाली, शिक्षकांच्या खोलीत शिरली, आणि शेवटी आमच्या मुख्याध्यापिका, म्हणजे मोठ्या बाईसुद्धा "आत्यांना निरोप पाठवा" म्हणायला लागल्या. मीही त्यांना आत्याच म्हणते. खरं तर त्या माझ्याहून जेमतेम बारा वर्षांनी मोठ्या असतील.

शाळेच्या मागच्या फाटकातून बाहेर पडलं की डाव्या हाताला तिसरं दार त्यांचं. खाली दुकान, वर राहायच्या दोन खोल्या. दुकान म्हणजे एक लांबट खोली. रस्त्याकडच्या खिडकीला लागून मशीन, कारण गडद कापडावर गडद दोऱ्याची टीप मारायला दिवसाचाच उजेड लागतो असं त्यांचं म्हणणं. मधे कापायचं टेबल, त्याच्या कडा वर्षानुवर्षं हात घासून गुळगुळीत झालेल्या. भिंतीवर खिळ्यांना पुठ्ठ्याचे साचे टांगलेले, इयत्तांप्रमाणे. काम करताना त्यांच्या तोंडात तीन-चार टाचण्या असायच्या आणि तशाच त्या बोलायच्या. नवख्या माणसाला त्यातलं अक्षर कळत नसे. मला कळायचं. मागच्या बाकावरचं पुटपुटणं ऐकून ऐकून शिक्षकांचे कान तयार झालेले असतात.

शिवण त्या वडिलांकडून शिकल्या. स्वतःची शाळा पाचवीतच सुटली. "पाढ्यांनी माझा जीव घेतला," त्या सांगायच्या, "पण कापडाने घेतला नाही." लग्न त्यांनी केलं नाही, आणि का केलं नाही हे विचारायची कोणाची छाती झाली नाही. भाऊ लांब पल्ल्याच्या ट्रकवर. वहिनी आजारपणात गेली तेव्हा भावाने चार वर्षांची मुलगी आणून सोडली. "महिनाभर सांभाळ," म्हणाला. तो महिना अजून संपलेला नाही.

त्या मुलीचं नाव शाळेच्या हजेरीत काहीतरी वेगळं होतं, पण आत्या तिला खारू म्हणायच्या. आली तेव्हा तिच्या पायाला भिंगरी होती. मशीनखालून निघायची ती कापडाच्या गठ्ठ्यावर, तिथून खिडकीच्या गजांवर. एकदा कापायच्या टेबलावरून उडी मारून साच्यांचा अख्खा खिळा घेऊन खाली आली. खारीसारखी, म्हणून खारू.

ती पहिलीत गेली त्याच वर्षी आमच्या शाळेचा गणवेश बदलला. मोठ्या बाई नव्याने आल्या होत्या. शाळेचा पट घसरत होता, निकाल घसरत होता, आणि संस्थेने त्यांना सुधारणा करायला म्हणूनच आणलं होतं. त्यांनी शाळा सुधारली हे कबूल करायलाच हवं. भिंती रंगवल्या, वेळा पाळायला लावल्या, मैदानाच्या अर्ध्या भागात नवीन वर्गखोल्या उभ्या केल्या. आणि मुलींसाठी सरळ, अरुंद, गुडघ्याखाली येणारा स्कर्ट ठरवला. ओळीत उभ्या राहिल्या की मुली एका साच्यातून काढल्यासारख्या दिसायच्या. आत्यांनी तो नमुना पाहिला, बोटांनी चाचपला, आणि शिवायला घेतला. कापड कमी लागत होतं, टीप सरळ येत होती. तक्रारीला जागा नव्हती.

त्यानंतर साधारण तीन वर्षांनी मी एकदा ड्रेसच्या बाह्या आखूड करून घ्यायला गेले होते. आत्या दुरुस्तीच्या कपड्यांचा ढीग उलटापालटा करत बसल्या होत्या.

"बाई, मुलं हल्ली कपडे फाडत नाहीत," त्या म्हणाल्या.

"मग चांगलंच आहे की. वळण लागलं म्हणायचं."

"पूर्वी आठवड्याला बारा-पंधरा गुडघे यायचे माझ्याकडे. खिसे फाटलेले, बगला उसवलेल्या. आता गुडघे कोरे. येतं ते फक्त कमर सैल करायला. हा बघा, तिसरीतला मुलगा. सहा महिन्यांत दोनदा कमर वाढवली, आणि गुडघ्याची इस्त्रीसुद्धा मोडलेली नाही."

मी हसले. मला वाटलं, धंद्याची काळजी आहे. "म्हणजे तुमचं काम कमी झालं तर."

"काम वाढलंय हो," त्या म्हणाल्या, "पण मला ते बरं वाटत नाही." आणि त्यांनी विषय सोडला. मीही सोडला.

पुढच्या वर्षी खारू माझ्या वर्गात आली. मी पाचवीला गणित आणि भाषा शिकवत होते. तिच्याबद्दल ऐकलेलं सगळं जुनं होतं. माझ्यासमोर बसायची ती एक फिकट, गप्प मुलगी. सकाळी ठीक असायची. तिसरा तास सुरू झाला की फळ्याकडे भिंतीकडे बघावं तसं बघायची. वाचायला उभी केली की एकच ओळ दोनदा वाचायची आणि आपण दोनदा वाचली हे तिच्या लक्षातही यायचं नाही. चाचणीत खाली घसरली. मी आत्यांना बोलावून घेतलं आणि सगळे शिक्षक सांगतात तेच सांगितलं: शिकवणी लावा.

त्यांनी लावली. शाळा सुटल्यावर दीड तास. महिनाभरात मुलगी सुधारायच्या ऐवजी कोमेजली. डोकं दुखतं, पोट दुखतं, अंथरुणात पडल्या पडल्या कूस बदलत राहते. शेवटी आत्या तिला घेऊन दवाखान्यात गेल्या. पुढे तिथे जे झालं ते त्यांनीच मला सांगितलं, एकदा नव्हे, चार-पाच वेळा, आणि दर वेळी एकाच जागी येऊन थांबल्या.

डॉक्टरीणबाई तरुण होत्या. आमच्या शाळेत वर्षातून एकदा मुलं तपासायलाही त्याच यायच्या. त्यांनी डोळे पाहिले, रक्त पाहिलं, वजन केलं. सगळं ठीक होतं.

"ताई, ही दिवसभरात पळते कधी?" त्यांनी विचारलं.

आत्यांना प्रश्नच कळला नाही. "पळते म्हणजे?"

"धावते, उड्या मारते, धापा टाकते. कधी?"

आत्यांनी बोटांवर दिवस मोजायला घेतला. शाळेत सहा तास बसून. शिकवणीत दीड तास बसून. घरी अभ्यास, तोही बसून. शाळा घरामागेच, त्यामुळे चालणं शंभर पावलांचं. मोजता मोजता त्यांचं बोट थांबलं.

"पळत नाही," त्या म्हणाल्या.

डॉक्टरीणबाईंनी मग कागदावर चित्र न काढता, मोठे शब्द न वापरता समजावलं. मूल पळतं तेव्हा त्याचं हृदय जोरात चालतं आणि मेंदूकडेही जास्त रक्त जातं. खेळून आलेलं मूल त्यानंतर बराच वेळ जास्त चांगलं लक्ष देऊ शकतं. रोजची हालचाल असली की झोप गाढ लागते, आणि दिवसा शिकलेलं पक्कं बसायचं काम बरंचसं झोपेतच चालतं. "पळून कोणाला पाढे येत नाहीत," त्या म्हणाल्या. "पाढे पाठच करावे लागतात. पण पाठ करणारं डोकं ताजं लागतं. तुम्ही हिचा अभ्यास वाढवलात आणि हालचाल होती तीही काढून घेतलीत. दमलेल्या मुलीला आणखी बसवलंत."

मग त्या खारूला म्हणाल्या, "बाहेर जा आणि त्या टोकाच्या बाकाला हात लावून पळत परत ये बघू. दम किती लागतो पाहू."

खारू निघाली. लांबलचक वऱ्हांडा होता, मोकळा. आत्या दारात उभ्या राहून बघत होत्या. मुलीची पावलं एवढीएवढीशी पडत होती, दोन्ही गुडघे एकमेकांना बांधल्यासारखे. अर्ध्या वाटेत तिने दोन्ही हातांनी स्कर्ट वर उचलला, मग बाकावर बसलेली माणसं बघतायत असं वाटून सोडून दिला, आणि चालत परत आली.

"यात पळता येत नाही, आत्या."

"मग मधल्या सुट्टीत काय करतेस?"

"उभी राहते. भिंतीपाशी. सगळ्याच राहतात."

इथे येऊन आत्या थांबायच्या. "पुढे डॉक्टरीणबाई काय म्हणाल्या ते मला ऐकूच आलं नाही, बाई," त्या सांगायच्या. "माझी नजर त्या बाजूच्या शिवणीवर. माझ्या हातची टीप. एक टाका इकडचा तिकडे नाही."

घरी आल्यावर त्यांनी शिवणी उसवायची कात्री घेतली आणि खारूचा स्कर्ट दोन्ही बाजूंनी उसवला. मग तिला घरातला जुना सैल फ्रॉक घालायला लावून मागच्या गल्लीत पळवलं. ती पळत असताना जिथे जिथे पाय पडत होता तिथे तिथे खडूने रेघ मारली. टेप घेऊन खाली बसल्या आणि दोन रेघांमधलं अंतर मोजलं. त्यांनी आयुष्यभर उभ्या माणसांची मापं घेतली होती. पळत्या माणसाचं माप घ्यायची ही पहिलीच वेळ, असं त्या स्वतःच म्हणाल्या.

बाहेरून स्कर्ट तसाच दिसायला हवा होता, नाहीतर शाळेत बोंब झाली असती. म्हणून त्यांनी दोन्ही बाजूंना आत वळलेली चुणी घातली. उभं राहिलं की मिटलेली, पाय लांब टाकला की उघडणारी. आधी दोन बोटं खोल ठेवली. खारू गल्लीत पळाली आणि शिवण टर्रकन गेली. मग तीन बोटं. पळता आलं, पण उडी मारताना अडकली. चार बोटांवर जमलं. आतून त्याच कापडाची आखूड चड्डी जोडली, म्हणजे कोण बघतंय याची फिकीर नको. शिकवणी बंद केली.

दुसऱ्या दिवसापासून त्या सकाळी खारूला शाळेच्या वेळेआधी पाऊण तास पाण्याच्या टाकीशेजारच्या मोकळ्या जागेत न्यायला लागल्या. पण एकटीच मुलगी किती पळणार? पहिल्या दिवशी ती दोन चकरा मारून येऊन शेजारी बसली. तिसऱ्या दिवशी आत्यांनी समोरच्या घरातल्या दोन बहिणींना हाक मारली. मग पकडापकडी सुरू झाली. आत्यांचे गुडघे कुरकुरायचे, त्या पळू शकत नव्हत्या, म्हणून त्यांना खांब केलं. त्यांना हात लावला की खेळाडू सुरक्षित. मनगटावर टाचण्यांची गादी बांधून त्या तिथे मधोमध उभ्या, आणि पोरी किंचाळत येऊन त्यांच्यावर आदळायच्या. आठवडाभर अंग ठणकत होतं त्यांचं.

समोरच्या बहिणी अरुंद स्कर्टमध्ये धडपडल्या. त्यांच्या आईने चौकशी केली, आणि मग आणखी दोघींच्या आयांनी. महिना दीड महिन्यात चुणीचे अकरा स्कर्ट शाळेत वावरत होते आणि आम्हा शिक्षकांपैकी कोणाला पत्ता नव्हता.

मला दिसलं ते दुसऱ्या बाजूने दिसलं. खारू सकाळी लालबुंद चेहऱ्याने वर्गात यायला लागली, केस विस्कटलेले. मी एक-दोनदा टोकलंही. मग एके दिवशी तिसऱ्या तासाला मी गणिताऐवजी धडा वाचून घेत होते. तिची पाळी आली आणि तिने अख्खा परिच्छेद वाचला, थांबायच्या जागी थांबून. मी पुस्तकातून मान वर केली. ती पुढच्या ओळीवर बोट ठेवून माझ्याकडे बघत होती, पुढे वाचू का म्हणून.

लगेच काही मनात आलं नाही. गणितात ती अजूनही अपूर्णांकांची वाट लावत होती. पण पंधरा दिवसांत लक्षात आलं की तिसऱ्या तासाला जाग्या असणाऱ्या मुलींमध्ये ती आहे, समोरच्या बहिणींतली धाकटी आहे, आणखी दोघी-तिघी आहेत. मी खारूला विचारलं, "तुम्ही सकाळी असता कुठे?" तिने सांगितलं. स्कर्टचं मात्र सांगितलं नाही. त्या बाबतीत पोरींनी तोंडाला कुलूप लावलं होतं.

इथे मला माझ्याबद्दल सांगायला हवं. वेळापत्रकात पाचवीला आठवड्यातून दोन खेळाचे तास होते. ते दोन्ही मी घेत होते, गणितासाठी. माझा अभ्यासक्रम वेळेत पुरा व्हायचा आणि मोठ्या बाई सभेत माझं नाव घ्यायच्या. मला त्यात काही वावगं वाटत नव्हतं. उलट मुलांसाठी झिजतोय असंच वाटायचं.

मी एक करून बघायचं ठरवलं. आठवड्यातले तीन दिवस, तिसऱ्या तासाच्या सुरुवातीला बारा मिनिटं वर्ग बाहेर काढायचा. उरलेल्या अर्ध्या मैदानात पळा, उड्या मारा, काहीही करा. मग आत येऊन उरलेला तास गणित. बाकी दोन दिवस पूर्ण तास गणित, नेहमीसारखं. आणि एका छोट्या वहीत मी दर दिवशी एकच गोष्ट लिहायची: एकदा सांगितलेलं मला पुन्हा किती वेळा सांगावं लागलं. हे काही शास्त्र नव्हे, मला माहीत आहे. शिकवण्याची माझी तऱ्हा, मुलांचा मूड, हवा, सगळं त्यात मिसळलेलं असणार. तरीही दोन महिन्यांची पानं समोर ठेवली तेव्हा बसून काढलेल्या दिवसांवर आठ-नऊ रेघा होत्या आणि पळून आलेल्या दिवसांवर तीन-चार. बारा मिनिटं गमावून मी गणितात मागे पडले नव्हते. थोडी पुढेच होते.

त्याच सुमाराला सगळं उघडकीला आलं. मधल्या सुट्टीत एका मुलीने वऱ्हांड्यातला बाक उडी मारून ओलांडला, नेमका मोठ्या बाईंच्या समोर. स्कर्ट पंख्यासारखा उघडला आणि मिटला. तासाभरात त्यांनी आत्यांना बोलावणं धाडलं. वर्गशिक्षिका म्हणून मलाही.

टेबलावर तो स्कर्ट उलटा करून ठेवला होता.

"गणवेशाचा नमुना शाळेने ठरवलाय," मोठ्या बाई म्हणाल्या. आवाज चढलेला नव्हता. "त्यात फेरफार करायला तुम्हाला कोणी सांगितलं?"

"कोणी नाही. पोरींना पळता येत नव्हतं."

"शाळेत पळायचं कारण काय? इथे त्या शिकायला येतात."

"शिकण्यासाठीच केलं, मोठ्या बाई. डॉक्टरीणबाईंनी सांगितलं म्हणून मला कळलं, नाहीतर मीही अंगठाछापच." आत्यांनी पुढे होऊन चुणी दोन बोटांनी उघडली. "नमुना तुमचा, पण शिवला मी. शिवतानाच मला दिसायला हवं होतं. पाच वर्षं मी पोरींचे पाय बांधत आले आणि टीप सरळ आली म्हणून खूश होत राहिले. ती माझी चूक होती, ती मी दुरुस्त केली."

मोठ्या बाईंनी स्कर्ट सुलटा करून बाजूला ठेवला. मग माझ्याकडे वळल्या. "तुमचं काय म्हणणं आहे?"

माझी वही पर्समध्ये होती आणि पर्स मांडीवर. हात घालून काढायची तेवढी बाकी होती. मी म्हणाले, "मी... बघून सांगते."

आत्यांनी माझ्याकडे पाहिलंसुद्धा नाही.

"मला वर्षअखेर संस्थेला निकाल दाखवायचा असतो," मोठ्या बाई म्हणाल्या. "एक तुकडी बंद झाली की तीन शिक्षक घरी जातात. तुम्हाला स्कर्ट दिसतो, मला ते दिसतं. परवानगी न घेता बदल करणाऱ्या माणसाकडे मी काम ठेवू शकत नाही."

तीस वर्षांचं काम तिथे संपलं. गणवेश बाजारातल्या तयार कपड्यांच्या दुकानाकडे गेले. आत्या घरी आल्या आणि भिंतीवरचे शाळेचे साचे काढून माळ्यावर टाकले. खारू सांगत होती, दोन दिवस त्या मशीनवर बसल्याच नाहीत, खिडकीतून नुसत्या रस्त्याकडे बघत होत्या. सकाळची टाकी मात्र चुकवली नाही.

नवे स्कर्ट आले. तेही अरुंदच. आठवडाभरात एक आई आपल्या मुलीचा नवा कोरा स्कर्ट घेऊन आत्यांच्या दारात उभी. मग दुसरी. आत्यांनी शिवण हातात घेतली, ताणून पाहिली आणि म्हणाल्या, "उसवायला तरी सोपे आहेत." पुरेसं कापड आत सोडलेलं नसायचं, म्हणून वेगळा तुकडा जोडावा लागायचा, रंग जुळवावा लागायचा. शिवण्यापेक्षा हे काम किचकट होतं. त्यांनी ते घेतलं.

मला स्वस्थता नव्हती. वर्गात मुली बाहेरून पळून आत यायच्या, वही काढायच्या, आणि मी त्यांच्याकडे बघून मान खाली घालायचे. तिसऱ्या आठवड्यात मी ती छोटी वही घेऊन मोठ्या बाईंच्या खोलीत गेले. खेळाचे तास मी गणिताला वापरते हेही सांगितलं, आणि तिसऱ्या तासाला वर्ग बाहेर काढते हेही. आपली नोकरी आता राहते की जाते असं वाटत होतं. त्यांनी वही चाळली. "ठेवून जा," एवढंच म्हणाल्या.

दुसऱ्या दिवशी तिसऱ्या तासाला त्या माझ्या वर्गात येऊन शेवटच्या बाकावर बसल्या. तो बसून शिकवायचा दिवस होता. त्या पूर्ण वेळ बसल्या. मुलांकडे बघत होत्या, माझ्याकडे फारसं नाही. पुढच्या दिवशी पुन्हा आल्या. तेव्हा आम्ही बाहेरून आलो होतो. त्यांच्या शेजारच्या मुलीने, त्या कोण आहेत याचा विचार न करता, "तुमचं उत्तर काय आलं?" असं विचारलं आणि त्यांच्यापुढचा बाक रिकामा बघून आपली वही त्यांच्यापुढे सरकवली. मी फळ्याजवळून पाहिलं. मोठ्या बाई त्या वहीवर वाकल्या होत्या.

महिन्याच्या शेवटी फलकावर सूचना लागली. दोन वाक्यं होती. मुलींच्या स्कर्टला दोन्ही बाजूंना चुणी असलेली चालेल. खेळाचा तास खेळासाठीच वापरावा. खाली सही. माफीचा, कौतुकाचा एक शब्द नव्हता.

शाळा सुटल्यावर मी धावत आत्यांकडे गेले आणि वाचून दाखवलं.

"चालेल?" त्या म्हणाल्या. "नुसतं चालेल कशाला, चांगलं पळेल म्हणावं."

शाळेचं काम त्यांच्याकडे परत आलं नाही. करार झालेला होता, तो मोडता येत नव्हता. पण दुकानदाराला चुणी काही जमेना. त्याने तीनदा करून पाहिली, तिन्ही वेळा ती उभ्या मुलीवरही उघडीच राहिली. शेवटी तो स्वतः त्यांच्या दारात आला. आत्यांनी त्याला बसायला स्टूल दिलं, पुठ्ठा कापून साचा करून दिला, आणि चुणी कशी घालायची ते दोनदा दाखवलं. मी विचारलं, असा कसा देऊन टाकलात? तर म्हणाल्या, "माझ्याकडे ठेवून किती पोरींना पुरला असता?"

खारू आता नववीत आहे. ती पहिली-दुसरी येते असं कोणी समजू नये. मधे असते, कधी मधल्याच्या जरा वर. सनावळ्या तिला अजून पाठ होत नाहीत. पण वाचते खूप, आणि अडलं की उठून गल्लीच्या टोकापर्यंत जाऊन येते, मग परत बसते. डोकेदुखी गेली. झोपते तर अशी की सकाळी उठवता उठवता आत्यांच्या नाकी नऊ येतात. डॉक्टरीणबाई पुढच्या तपासणीला आल्या तेव्हा त्यांनी मुलांच्या नोंदींबरोबर शाळेला एक पानभर लिहून दिलं, रोज मुलांना किती वेळ मोकळं सोडावं याचं. ते पान शिक्षकांच्या खोलीत लावलंय. सगळे पाळतात असं नाही. परीक्षा जवळ आली की अजूनही कोणीतरी खेळाचा तास मागायला येतं. मागच्याच महिन्यात एकजण माझ्याकडे आले होते. मी नाही म्हणाले, आणि त्यांना राग आला.

त्या दिवशीचं माझं गप्प बसणं मात्र माझ्या मनातून जात नव्हतं. इतकी वर्षं जाणं-येणं होतं, पण तो विषय आम्ही दोघींनी कधी काढला नव्हता. गेल्या उन्हाळ्यात एका संध्याकाळी दुकानात दुसरं कोणी नव्हतं, तेव्हा मी विचारलं.

"मोठ्या बाईंच्या खोलीत मी काही बोलले नाही. तुम्हाला राग आला होता का?"

त्या काजं करत होत्या. हातातलं काज पुरं केलं, दोरा तोडला.

"आला होता तर. तुमचा एक ड्रेस होता माझ्याकडे तेव्हा. मुद्दाम आठ दिवस उशिरा दिला. आठवत नाही?"

मला आठवत नव्हतं. शिंप्याकडून कपडे उशिराच यायचे असतात असं मी धरून चालले होते. तसं मी सांगितलं, तर त्या इतक्या हसल्या की सुई खाली ठेवावी लागली.

"म्हणजे माझा राग फुकटच गेला," डोळे पुसत त्या म्हणाल्या. मग थोड्या वेळाने, काज उजेडाकडे धरून बघत, "वही नेऊन दिलीत ना नंतर. झालं."

त्यांनी मशीनवर कापड टाकलं आणि चपला पायात सरकवल्या. डॉक्टरीणबाईंनी त्यांनाही आता रोज चालायला सांगितलंय, गुडघ्यांसाठी आणि एकूणच. समोरच्या बहिणींची आई येऊन दाराशी थांबलेली होती. "येता का?" आत्यांनी मला विचारलं. मी गेले. टाकीभोवती दोन फेऱ्या त्यांच्या बरोबरीने मारल्या. तिसरीला मला धाप लागली आणि मी कठड्यावर टेकले. त्या दोघी बोलत बोलत पुढे गेल्या.